काच कापताना न दुखणारा हात

माझा धाकटा भाऊ काच कापतो. एकेचाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच टेबलापाशी. दुकानात त्याला सगळे फुटपट्टी म्हणतात. एक तर तो दिसतोच तसा, लांबट, सपाट आणि सरळ. आणि दुसरं म्हणजे माप सांगायला त्याला पट्टी लागत नाही. गिऱ्हाईक फुटक्या काचेचा एखादा तुकडा घेऊन येतं आणि खिडकी केवढी आहे ते हात पसरून दाखवतं. हा मान वर न करता म्हणतो, "बावीस बाय चौतीस असेल. घरी जाऊन मोजून या." माणूस चरफडत जातो, मोजून येतो आणि गुपचूप म्हणतो, "बावीस बाय चौतीस."

आमच्या घरात कॉलेजात गेले ती मी. त्याला पुस्तक उघडलं की झोप यायची. मी तेहतीस वर्षं कॉलेजात शरीराचं कामकाज शिकवलं आणि तो तेवढा वेळ काचेवर रेघा मारत राहिला. दोघांपैकी कोणाचं काम जास्त नेमकं, हे विचाराल तर त्याचं. माझ्या चुका परीक्षेत खपून जायच्या, त्याच्या चौकटीत बसत नाहीत.

जाड कापडाने मढवलेलं टेबल. त्यावर काच. उजव्या हातात हिरकणी, म्हणजे काच कापायचं हत्यार, रॉकेलात बुडवून घेतलेलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, काचेवर अलगद टेकलेली. रेघ नीट खोल बसतेय की वरवर घसरतेय, हे त्याला त्या दोन बोटांतून कळतं. "डोळे फसतात, ताई. कानसुद्धा फसतात. ही दोघं नाही फसत," असं तो म्हणायचा.

त्या धंद्यात दोन नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. पहिला, पडणारी काच धरायची नाही. हात वर करायचे आणि दोन पावलं मागे सरायचं. दुसरा, रेघ मारली की लगेच काच मोडायची. मध्ये चहा नाही, गप्पा नाहीत, फोन नाही. रेघ शिळी झाली की काच तिला जुमानत नाही, वाटेल तिकडे फुटते.

गेल्या वर्षी एका दुपारी त्याने पहिला नियम मोडला आणि दुसरा पाळला. सगळं रामायण त्यातून झालं.

त्याने नुकतीच एका मोठ्या काचेवर रेघ ओढली होती. मागे लाकडी मांडणीला पुरुषभर उंचीचे आरसे टेकवून ठेवलेले असतात, त्यातला पुढचा सरकला. मांडणीकडे पाठ करून एक बाई फ्रेमचे नमुने बघत होत्या. त्याने डावा हात आडवा घातला. आरसा त्याच्या हातावर फुटला आणि बाजूला कोसळला. बाईंना ओरखडासुद्धा नाही. आणि हा? हा वळला, टेबलाशी आला, दोन्ही हातांनी काच धरून ती रेघेवर टचकन मोडली, दोन तुकडे वेगळे उभे केले, आणि मग खाली बघून म्हणाला, "पाणी कोणी सांडलं रे इथं?"

ते पाणी नव्हतं. कोपर आणि मनगटाच्या मध्ये करंगळीच्या बाजूने हात खोलवर फाटला होता. आत एक मज्जातंतू जातो, त्या शेवटच्या दोन बोटांचा. तो अर्धा कापला गेला होता. मालक पांढरे पडले. ज्यांना वाचवलं त्या बाई खुर्चीवर बसल्या त्या उठेनात. आणि फुटपट्टी म्हणत होता, "अहो, दुखत नाहीये. फडकं द्या फक्त."

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली याची गणती नाही. माझ्या जुन्या विद्यार्थिनींना, शेजारणींना, मालकांना आणि माझ्या भावजयीला तर चारदा. कारण पुस्तकात जे तेहतीस वर्षं शिकवलं ते माझ्या सख्ख्या भावाने करून दाखवलं होतं. जखमेची बातमी मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येते आणि तिथून मेंदूकडे जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मेंदूही खाली निरोप पाठवत असतो, ते फारसं कोणाला ठाऊक नसतं. मेंदूच्या बुडाशी, अगदी मध्यावर, करड्या पेशींचा एक पुंजका आहे. तिथून हुकूम निघतो, मानेच्या जरा वर एका ठिकाणी थांबतो आणि मज्जारज्जूत उतरतो, जखमेची बातमी जिथे नुकतीच येऊन पोचलेली असते नेमका तिथेच. हुकूम एवढाच, की आत्ता नको, हातात काम आहे. अफूने जे होतं ते शरीर स्वतःची रसायनं वापरून स्वतःच करतं. बातमी तिथल्या तिथे दाबली जाते. माणूस काच मोडून मोकळा होतो.

भावजय ऐकून म्हणाली होती, "म्हणजे यांना दुखलंच नाही?"

"नाही ना! तीच तर गंमत," मी म्हणाले.

गंमत! माझ्या जिभेला तेव्हा कोणी टाका घातला असता तर बरं झालं असतं.

जखम अडीच महिन्यांत भरली. टाके निघाले, व्रण पांढरा झाला. बोटं हलायला लागली, बऱ्यापैकी संवेदना परत आली. आणि तिच्याबरोबर दुखणं आलं. आधी व्रणाभोवती, मग मनगटापर्यंत, मग कोपराच्या वर. जळल्यासारखं. सदऱ्याची बाही लागली तरी दुखायचं, पंख्याचा वारासुद्धा लागायचा. तो जेवायला बसताना पंखा बंद करायचा, आणि भावजय घामाघूम होऊन तो परत चालू करायची.

आता माझी भावजय वाईट बाई नाही. शाळेच्या भांडारात वह्या-पेनं विकते, दिवसभर उभी असते, तोंडाने फटकळ आहे. पण तिला रोज काय दिसत होतं ते बघा. नवरा सकाळी दुकानात जातो, आठ तास काच कापतो. मालकांना विचारलं तर ते सांगतात, "हात मस्त चालतोय की." आणि घरी आला की त्याला पाण्याचा पेला उचलवत नाही.

"वन्सं, तुम्हीच सांगा," ती एकदा माझ्यासमोर त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "काच बघून हात दुखत नाही आणि मला बघून दुखतो. मी काय इतकी वाईट दिसते?"

"तुला बघून डोकं दुखतं, हात नाही," तो म्हणाला.

तिघंही हसलो. मग ती म्हणाली, "आणि मनगटापर्यंत चिरला होता तेव्हा कळलंसुद्धा नव्हतं ना? वन्संनीच सांगितलंय. आता वारा दुखतो म्हणे."

तो हसायचा थांबला. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. तिला सांगायला हवं होतं की तेव्हा न दुखणं आणि आता इतकं दुखणं, दोन्ही एकाच वाटेने येतं. तो वरून उतरणारा रस्ता नेहमी दाबणाराच हुकूम आणतो असं नाही. कधी तो उलटा हुकूमही आणतो, की आणखी जोरात सांग. मज्जातंतूला इजा झाली, झोप गेली, माणूस सतत धसक्यात राहिला, की काही जणांत दाबणारा हुकूम कमी पडतो आणि वाढवणारा वरचढ होतो. मग जखम भरून गेली तरी दुखणं चालूच राहतं. असं का, कोणात, किती, हे सगळं अजून शास्त्रालाही नीट ठाऊक नाही. पण हे मी बोलले नाही. घाईत होते. मला वाटलं, नवरा-बायकोचं आहे, मिटेल.

मिटलं नाही. दुकानात मालक त्याच सुरात बोलायला लागले. एकदा त्याने हात दुखतो म्हणून अर्धा दिवस मागितला, तर मालक हसून म्हणाले, "फुटपट्टी, तुम्हाला दुखतं? आम्ही पाहिलंय तुमचं दुखणं." सगळे हसले. चेष्टा होती, पण त्यानंतर त्याने दुखण्याचं नाव काढणं बंद केलं. घरीही नाही, दुकानातही नाही. आणि गुपचूप एक डॉक्टर गाठला.

मला हे कळलं ते भावजयीच्या फोनवरून. आवाज नेहमीचा नव्हता.

"वन्सं, हे येत्या शुक्रवारी शस्त्रक्रिया करून घेताहेत. नस कापून टाकणार आहेत. ती दोन बोटं कायमची बधिर होतील म्हणे. आज कागद सापडले मला, त्यांच्या डब्याच्या पिशवीत."

"आणि तो काय म्हणतो?"

"म्हणतात, दोन बोटं गेली तर गेली, रोजची कटकट तरी संपेल." ती थांबली. "माझी का हाताची, ते नाही विचारलं मी."

ती दोन बोटं म्हणजे त्याचं सगळं होतं. बधिर बोटांनी तो भाजी चिरू शकला असता, पण काच नाही. आणि काच नसलेला माझा भाऊ मला डोळ्यांसमोर आणता येईना.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. आरसा घ्यायचाय असं मालकांना सांगितलं. तो मला बघून न बघितल्यासारखं करून कामाला लागला. त्या दिवशी अंडाकृती काच कापायची होती, हे त्याच्यासाठीही अवघड काम. हिरकणी काचेवर टेकली आणि माझ्यासमोर त्याचा चेहरा बदलला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. खांदा खाली आला. डावा हात सैल, दोन बोटं काचेवर टेकलेली. पंख्याचा वारा थेट त्या हातावर येत होता, त्याला पत्ता नव्हता. हिरकणी बारीक आवाज करत गोल फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. त्याने बाहेरची काच तुकड्यातुकड्याने मोडून काढली, कड पुसली आणि अंडाकृती काच उभी करून ठेवली.

मग तो शांतपणे आरशांच्या मांडणीमागे गेला. तिथे कोणाला दिसणार नाही असं त्याला वाटत असावं. पण ते काचेचं दुकान आहे. समोरच्या भिंतीवरच्या आरशात मला तो दिसला. कोपर छातीशी आवळून धरलेलं, डोळे मिटलेले, तोंड उघडं, आवाज नाही. मी घड्याळ बघितलं. काच खाली ठेवून दोन मिनिटंही झाली नव्हती.

मी मांडणीमागे गेले. "धाकट्या, कधीपासून आहे असं?"

"कसं?"

"जास्त शहाणपणा करू नकोस. काच हातात असताना कमी, सोडली की जास्त."

त्याने कोपर सोडलं. मग म्हणाला, "पहिल्यापासून."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इयत्ता चौथीत आहे. "काय सांगू, ताई? कामाच्या वेळी दुखत नाही, घरी दुखतं? ज्याला ज्याला सांगितलं त्याने त्याने हाच पुरावा धरला, की सोंग आहे. घरात तेच, इथं तेच. आणि वर तुझी ती गोष्ट. रक्त वाहत होतं तरी काच मोडली, काही दुखलं नाही. सगळ्यांची ऐकून झालीय. डॉक्टरलाही खोटा वाटलो तर जाणार कुठे? म्हणून त्यांना सांगितलं, चोवीस तास सारखंच दुखतं, काम करताना जास्त."

म्हणजे जी एक खूण डॉक्टरांना कळायला हवी होती, तीच याने लपवून ठेवली होती. डॉक्टर बिचारे समजले की सगळं दुखणं त्या कापल्या मज्जातंतूवर व्रणाखाली धरलेल्या गाठीतच आहे. काढली की संपलं. चूक त्यांची नव्हती. याची म्हणावी तर याचीही नव्हती. कोणाची होती ते मला माहीत होतं.

"चल," मी म्हणाले.

"आत्ता? मालकांना..."

"मालकांना मी सांगते." सांगितलंही. मालक म्हणाले, "बाई, तुमचा आरसा?" मी म्हटलं, "बघून झाला."

वाटेत भावजयीला शाळेतून उचललं. भांडाराच्या खिडकीला पाटी अडकवून ती तशीच आली, खडूच्या खोक्यांनी पांढरे झालेले हात घेऊन.

डॉक्टर तरुण होते आणि ऐकून घेणारे होते. हे दोन्ही एकत्र मिळणं म्हणजे नशीब. मी भावाला कोपराने ढोसलं. त्याने खाली बघत सगळं सांगितलं. काच, मांडणीमागची जागा, पंखा, सगळं. सांगताना एकदाही बायकोकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही हसाल म्हणून," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी कापण्याआधी आपण एक करू. कोपराच्या वर इंजेक्शन देऊन तो मज्जातंतू काही तासांपुरता झोपवू. कापल्यावर जे होणार ते आधीच कळेल. दुखणं थांबलं तर शस्त्रक्रियेचा विचार करू. नाही थांबलं, तर कापून उपयोग नाही.

गुरुवारी सकाळी ते झालं. एका पांढऱ्या, अरुंद खोलीत भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. भावजय त्याच्या डाव्या बाजूला, मी दाराशी. वीस मिनिटांनी त्यांनी करंगळीवर सुई टोचली.

"कळतंय?"

"नाही."

शेजारच्या बोटावर. तळव्याच्या कडेवर. "इथे?"

"नाही. काहीच नाही. दगड आहे."

भावजयीने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं आणि विचारलं, "मी बघू?" त्यांनी परवानगी दिली. तिने त्याच्या करंगळीचं टोक नखांनी जोरात दाबलं, नंतर आणखी जोरात, नख पांढरं होईपर्यंत. तो तिच्याकडे बघत राहिला. बोट हललं नाही.

"आणि दुखणं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्याच्या चेहऱ्याला आता तो मांडणीमागचा आकार आला होता. "आहे ना," तो म्हणाला. "तेवढंच आहे. बोटं गेली, ते आहे तिथेच आहे." आणि मग माझ्याकडे वळून, लहानपणी पतंग कुठे अडकला हे विचारायचा तशा आवाजात, "ताई, मग हे आहे कुठे?"

तेहतीस वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर काढत आले होते, रंगीत खडूंनी, बाण दाखवून. त्या खोलीत मला एक बाणही काढावासा वाटला नाही. माझ्या भावाच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, आणि पुसायला त्याने डावा हात उचलला, पण ती दोन बोटं गालाला लागली तरी त्याला कळत नव्हतं.

भावजयीने पदराने त्याचे डोळे पुसले.   मग तिने मान वर करून भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं, उठली, आणि तो बंद केला.

शुक्रवारची शस्त्रक्रिया रद्द झाली. गोष्ट इथे गोड करून संपवता येईल, पण ते खोटं होईल. त्याचं दुखणं गेलेलं नाही. डॉक्टरांनी एक गोळी दिली आहे, ती एरवी उदास माणसांना देतात. तो चिठ्ठी वाचून भडकला, "मी वेडा आहे का?" मला अर्धा तास बसून समजवावं लागलं की याच रसायनांवर तो वरून उतरणारा हुकूम चालतो आणि गोळी त्याला हात देते. सगळ्यांना लागू पडत नाही, त्याला थोडी पडली आहे. चार महिने झाले. दहापैकी आठ दुखायचं ते सहा दुखतं. एखाद्या रात्री पुन्हा आठ. झोप मात्र जरा लागते.

दुकानात मी स्वतः गेले आणि माझी गोष्ट मालकांसमोर परत घेतली. म्हणजे गोष्ट खरीच होती, पण मी अर्धीच सांगितली होती. उरलेली सांगितली. मालकांनी पुरती ऐकली आणि म्हणाले, "म्हणजे बाई, काम केलं की त्यांना बरं वाटतं. मग जास्त काम देऊ?" मी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेला माझे विद्यार्थी तेहतीस वर्षं घाबरलेत. "बरं, बरं," ते म्हणाले. "समजलं."

पूर्ण समजलं नसावं. पण मागच्या आठवड्यात मी तिथे होते. माझा आरसा शेवटी खरंच घ्यायचा होता. धाकट्याने माझ्यासमोर तो कापला. दोन बोटं काचेवर टेकवून रेघ मारली, लगेच मोडली, कड पुसली. मग मी वाट बघत राहिले की तो आता मांडणीमागे जाईल. तो गेला नाही. टेबलाशेजारच्या स्टुलावर, रस्त्यावरून दिसेल असा, सगळ्यांसमोर बसला. कोपर छातीशी धरलं, डोळे मिटले.

एक गिऱ्हाईक घाईत होतं. "अहो, माझी काच..."

"दोन मिनिटं थांबा," तो डोळे न उघडता म्हणाला. "माझा हात दुखतोय."